ओल्या लाकडाच्या मोहिमेची हकीकत

श्रीकुलस्वामिनी प्रसन्न. अग्नीस नमन, अग्नीआधी उठतो त्या धुरास नमन, आणि फळे देऊन शेवटी आपले अंगही ज्यांनी दिले त्या वृक्षांस नमन. शके सोळाशे एकेचाळीस, विकारी नाम संवत्सर, चैत्रमासी एका दौलतीत वर्तमान जाहले ते ऐसे. तेथील महाराज पराक्रमी, शिकारीचे षौकी, फौजही चखोट. परंतु पावसाळा लागला की गडावरील मांस नासावे. मीठ लावावे, चुलीवर टांगावे, तरी श्रावणात त्यास बुरशी यावी आणि शिबंदीची पोटे बिघडावी. घाटापलीकडे दुसरी दौलत, तिशी पिढीजाद वैर. तेथील गडकरी मात्र भर पावसात रानडुकराचे मांस खाऊन तटावर उभे राहत, आणि त्या मांसाचा खमंग वास खिंडीपर्यंत येतो ऐसी वार्ता. महाराजांस नवल वाटले. मग रुमाजी खराटे नामे जासूद, वयाने पोक्त, बायको वारलेली, आणि दिसेल त्या गोष्टीचे मूळ शोधल्याशिवाय ज्यास अन्न गोड लागत नसे ऐसा, त्यास आज्ञा केली जे, "पलीकडे जाणे, मांस कैसे टिकते ते पाहणे, आणि दसऱ्याआधी कळविणे. दसऱ्यास आम्ही स्वारी करणार."

रुमाजी लाकूडतोड्याचा वेष घेऊन पलीकडील गडावर गेला आणि धुरघरात चाकरीस राहिला. धुरघर म्हणजे मांस धुरावण्याची जागा, आणि तेथील कारभार आवडाबाई पाहत. त्यांचा नवरा मागल्या लढाईत रुमाजीच्याच धन्याच्या फौजेशी लढता पडला होता. रुमाजीस वाटले, मसाल्याची काही पुडी असेल, ती उचलावी आणि आठ दिवसांत परतावे. परंतु पुडी नव्हतीच. मीठ तेच, मांस तेच. मग त्याने वाळक्या लाकडांच्या रचलेल्या थप्पीकडे बोट करून पुसले, "बाई, लाकूड कोणते?" आवडाबाई बोलिल्या, "बोरीचे. बकऱ्यास पेरूचे. रानात चीक गळणारी लाकडे पुष्कळ, पण त्यांची काजळी मांसावर बसते आणि जीभ कडू होते." रुमाजीने त्याच दिवशी एक बोर तोडली, आणि ओलीच चुलीत घालू लागला, तो बाईंनी हात धरला. तरी त्यास राहवेना. त्याने मांसाचा एक तुकडा चोरून ओल्या लाकडावर धरला, पांढरा दाट धूर निघाला, डोळ्यांस धारा लागल्या, आणि तुकडा तोंडात घालताच थुंकावा लागला. बाई दारात उभ्या राहून हसत होत्या. मग म्हणाल्या, "आता पुसशील ते सांगेन. चव घेतल्यावाचून कोणास पटत नाही."

तेव्हापासून रुमाजीने लाकडे चिरून फाळी केल्या, साल सोलली, आणि वर छप्पर, चहूबाजू मोकळ्या, ऐशा जागी दगडांवर थप्पी रचली, फाळीफाळीत वारा खेळेल इतके अंतर ठेवून. रोज सकाळी जाऊन फाळी उचलावी, हलकी जाहली काय पाहावे, दोन फाळी एकमेकींवर आपटून कान द्यावा, आणि आवाज बद् ऐसा आला की ओली समजून परत ठेवावी. कोणत्या झाडाचा धूर गोड, कोणत्याचा तुरट, धूर पातळ निळसर कधी होतो, ऐसे पुसता पुसता आषाढ गेला आणि श्रावण गेला, आणि आपण कोणाच्या कामास आलो हे तो दिवसचे दिवस विसरू लागला. बाईंसही त्याच्या प्रश्नांची सवय जाहली. एके दिवशी तो पुसेना, तर त्यांनीच विचारिले, "आज बरे नाही काय?"

भाद्रपदी महाराजांचा माणूस गोसावी होऊन आला आणि हळूच बोलिला, "महाराज वाट पाहतात. काय सांगू?" रुमाजीने थप्पीकडे पाहिले आणि सांगितले, "लाकूड ओले आहे, म्हणावे. वाळले की येतो." गोसाव्याने तेवढेच नेले. दरबारात महाराजांनी ते ऐकिले, पुन्हा ऐकिले, आणि कोणास अर्थ लागेना. तेव्हा सरनोबत उठून बोलिले, "महाराज, रुमाजी मोठा धूर्त. लाकूड म्हणजे तोफेची दारू. शत्रूची दारू भिजली!" सर्वांनी वाहवा केली, आणि दसऱ्यास फौज निघून घाटाखाली उतरली.

पलीकडील गडावर नौबत जाहली, दरवाजे लागले. महाराजांचे शिपाई खालून ओरडत, "तुमची दारू ओली!" आणि तटावरील गोलंदाज हसत, कारण दारू कोरडी ठाक होती आणि तोफा भरून ठेविल्या होत्या. ते ओरडणे रुमाजीने ऐकिले. आपल्या निरोपाचा भलताच अर्थ लावून ही माणसे मरावयास आली, हे त्यास उमगले. तो धुरघरात गेला आणि बोलिला, "बाई, मी त्यांचा जासूद. मला धुरघरामागील चोरदिंडीतून सोडा, नाहीतर माझ्या तोंडामुळे हजारो जीव जातील." आवडाबाईंनी हातातील फाळी खाली ठेविली. मग म्हणाल्या, "माझा धनी त्यांनीच मारिला. हे मजजवळ सांगतोस?" रुमाजी म्हणाला, "दुसऱ्या कोणाजवळ सांगू?" मोळ्या त्या वाटेने आत येत म्हणून किल्ली बाईंजवळच असे; ती त्यांनी घेतली, दिंडी उघडिली, आणि तोंड फिरवून बोलिल्या, "जा. परत येऊ नकोस."

महाराज डेऱ्यात जेवत होते. रुमाजी पाया पडला. "महाराज, लाकूड म्हणजे लाकूड. बोरीचे." सरनोबतांनी तलवारीस हात घातला. महाराजांनी रुमाजीकडे पाहिले, त्याच्या अंगरख्यास येणारा वास घेतला, आणि पुसले, "वाळण्यास किती लागते?" रुमाजी बोलिला, "पुढला उन्हाळा जावा लागेल." महाराज हसले नाहीत, रागावलेही नाहीत. फौज माघारी फिरविण्याची आज्ञा दिली, आणि वाटेत लाकडाविषयीच पुसत राहिले.

मग पुढल्या पावसाळ्यात आपल्या गडावर रुमाजीने पेरू तोडून फाळी रचल्या, परंतु त्यांस आतून काळी बुरशी आली आणि कारण समजेना. महाराज म्हणाले, "तेथे जाऊन पुसून ये. या वेळी उघड जा." वकिलीची वस्त्रे देऊन त्यास पाठविले. पलीकडील गडकऱ्याने नवलाने दरवाजा उघडिला. आवडाबाईंनी त्यास पाहिले आणि काम करीत राहिल्या. तो तीन दिवस धुरघराबाहेर बसला. चौथ्या दिवशी बाई न बघताच बोलिल्या, "कोणते झाड?" "पेरू." "पावसात तोडिले?" "होय." "तेव्हा झाडात पाणी भरलेले असते. मूर्खा, थंडीत तोडावे." मग जरा थांबून पुसले, "तुमच्याकडे जांभूळ आहे म्हणतात. त्याचा धूर कैसा?" रुमाजी बोलिला, "ठाऊक नाही. कोणी जाळून पाहिले नाही." बाईंनी हात पुसले, गडकऱ्याची रजा घेतली, आणि जांभूळ पाहावयास घाट ओलांडून निघाल्या.

सारांश, त्या साली लढाई जाहली नाही आणि पुढल्या सालीही नाही. दोन्ही दौलतींचे वैर मिटले ऐसे कोणी लिहिले नाही, परंतु घाटातून डोईवर लाकडाची मोळी घेऊन जाणाऱ्यास उभयपक्षी कोणी अडविले नाही. आवडाबाई जांभूळ वाळेपर्यंत म्हणून महाराजांच्या गडावर राहिल्या, त्या राहिल्याच. इति हकीकत संपूर्ण.