बावीस अंशांतला घाम

रविवारी दुपारी एसी मेकॅनिकनं स्वतःच्या घरचा एसी तिसऱ्यांदा खोलायचं ठरवलं आणि घरात नको ते उघडं पडलं.

त्याची बायको, शाळेतली गणिताची बाई, सहा महिने म्हणत होती, "अहो, उकडतंय." प्रत्येक वेळी हा गडी जाळी धुवायचा, गॅस तपासायचा आणि नोंदवहीत आपला लाडका शेरा ठोकायचा : ‘यंत्रात दोष नाही. माणसाला माहिती नाही.’ (गिऱ्हाइकांनाही तो हेच लिहून द्यायचा. कुणाशी पटायचं नाही ते यामुळेच.)

"हे बघ, बावीस!" त्यानं थर्मामीटर तिच्या नाकासमोर धरला. "खोलीत दोष नाही."

"मग माझ्यातच असेल." तिचा ब्लाउज पाठीला चिकटला होता.

स्क्रू ठेवायला त्यानं तिच्या वह्यांतला एक कागद ओढला. चार स्क्रू ठेवले आणि मग वाचला. राजीनामा होता. उद्याच्या तारखेचा.

"हे काय?"

"फळ्यावर अर्धं गणित सोडवलं आणि पुढचं आठवेचना. घामानं निथळत उभी राहिले. पोरं हसली. मुख्याध्यापक म्हणाले, घरी बसा आता."

"मला सांगायचंस ना!"

"सांगितलं होतं. तुम्ही एसी खोललात."

मग ती खाली बघत म्हणाली, "माझ्या मावशीचंही याच वयात असंच सुरू झालं. वेडी ठरवून मागच्या खोलीत कोंडली. तिथंच गेली ती."

मेकॅनिकनं पाना खाली ठेवला.

सोमवारी त्यानं तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांच्या दवाखान्याचा एसी तोच बघायचा, त्यामुळे बोलायला सुरुवातही त्यानंच केली.

"सहा महिने झाले, खोलीत बावीस असूनही—"

"तुम्ही गप्प बसा. बाई, तुम्ही सांगा. पाळी नियमित येते?"

"मी बाहेर थांबतो," म्हणत मेकॅनिक दाराकडे सरकला.

"बसा इथंच! बाहेर थांबण्यातच सहा महिने गेले."

राजीनाम्यापासून मावशीपर्यंत सगळं ऐकून, तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाळी जायचा काळ आहे. घाम, विसरायला होणं, सगळं त्यातलंच. उपाय आहेत. नोकरी कशाला सोडताय?"

"म्हणजे... मावशी वेडी नव्हती?"

"त्यांना मी पाहिलं नाही. पण कडी लावण्याआधी कुणीतरी विचारायला हवं होतं."

मावशीच्या भोवती आख्खं घर होतं. आई, भाऊ, दोन वहिन्या. कडी घालायला सगळे पुढे; विचारायला एकही नाही.

गणिताची बाई तिथून थेट शाळेत गेली आणि मुख्याध्यापकांना स्पष्ट शब्दांत सगळं सांगून आली. ते बराच वेळ पेपरवेट न्याहाळत होते म्हणे. पर्समधला राजीनामा तिनं वाटेतच चुरगाळून कचऱ्याच्या गाडीत टाकला होता. त्यात गुंडाळलेल्या चार स्क्रूंसकट.

संध्याकाळी स्क्रूंवाचून उघड्याच राहिलेल्या एसीखाली मेकॅनिक घामाघूम होऊन बसला होता.

"उकडतंय गं," तो कण्हला.

तिनं नोंदवही ओढली, दोन ओळी लिहिल्या आणि पेन त्याच्या हातात दिलं.

‘यंत्रात दोष नाही. माणसाला माहिती नाही.’

"सही करा," ती म्हणाली.