दोन थेंबांमधला वेळ

ब्युरेटच्या, म्हणजे खाली तोटी असलेल्या काचेच्या नळीच्या, टोकाला आलेला थेंब लगेच पडत नाही. तो आधी फुगतो, खाली लोंबतो, मग काहीतरी विसरल्यासारखा क्षणभर थांबतो आणि मगच सुटतो. कॉलेजच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला धाकटीने हे नीट पाहिलं आणि तिच्या मनात आलं, या दोन थेंबांमधला वेळ चक्क वाया जातोय.

वेळेची तिला टंचाईच होती. शाळा संपेपर्यंत तिने कुठे जायचं ते आई ठरवी, आणि कुठे नाही जायचं ते ताई. कॉलेजात मात्र सगळे तिलाच विचारायला लागले. "नाटकात येशील?" येईन. "बॅडमिंटनला येशील?" येईन. आपल्याला कुणी विचारतंय, याचंच तिला इतकं अप्रूप होतं की नाही म्हणणं उद्धटपणाचं वाटे.

"यातलं एक काहीतरी सोड," ताई रोज जेवताना म्हणे. "ताटावर पेंगतेस."

"सोडणार आहे गं. उद्या सांगते."

"कालचा उद्या आज होता."

"आज ते सगळे फार गडबडीत होते."

तोवर तिने आपला तोडगा काढला होता. एकच वेळ दोनदा वापरायचा. नाटकात ती इन्स्पेक्टर होती; थेंब पडताना ती संवाद घोकायची आणि तिच्या टेबलावरचा जोडीदार, ज्याला सगळे लंबू म्हणत, फ्लास्क धुता धुता चोराची वाक्यं म्हणायचा. लंबूला यात भलताच रस होता. कधीकधी तो पकडलं जायला नकारही द्यायचा.

सत्राच्या शेवटच्या प्रॅक्टिकललाही हेच चाललं होतं. फ्लास्कमध्ये फिकट गुलाबी रंग आला की तोटी बंद करायची. एक थेंब जास्त गेला की रंग गडद आणि मेहनत पाण्यात. नेमक्या त्याच क्षणी इन्स्पेक्टरला चोरावर बोट रोखायचं होतं. धाकटीने रोखलं. बोट अर्थातच तोटीवरच्या हाताचं होतं. फ्लास्क जांभळा झाला.

दुसऱ्या खेपेला तिने हात हलवला नाही, त्यामुळे सगळा जोर आवाजात गेला. "कुणी जागचं हलायचं नाही."

शेजारच्या टेबलावरच्या गरीब स्वभावाच्या मुलीने दचकून दोन्ही हात वर केले. तिची तोटी उघडीच राहिली.

मॅडम आल्या. "काय चाललंय इथे?"

"चोर पकडतोय, मॅडम," लंबूने खरं ते सांगितलं.

"आता रीडिंग पकडा. घंटेच्या आत तीन रीडिंग जुळली नाहीत तर जर्नलवर सही नाही. आणि सही नाही तर परीक्षेलाही बसायचं नाही."

 धाकटीने संवाद गिळले आणि ब्युरेट भरला. तेवढ्यात दारात नाटकाचा दिग्दर्शक उभा राहिला. आजची तालीम ठरल्या वेळेआधीच घ्यायची होती. त्याच्या मागे रॅकेट घेऊन बॅडमिंटनची कॅप्टन.

"कोर्ट आत्ताच रिकामं झालंय. हिला नेते."

"अहो, इन्स्पेक्टरशिवाय चोर पकडायचा कुणी?"

"अर्धा तास आम्हाला द्या, मग तुम्ही घ्या."

"घामाघूम होऊन येईल ती."

"मग काय झालं? इन्स्पेक्टर धावतोच की."

धाकटी पाठमोरी उभी राहून थेंब बघत होती. मागे तिची वाटणी चालली होती आणि तिला कुणी काही विचारत नव्हतं. गंमत म्हणजे नुसतं बघत राहिलं की काम झटपट होत होतं. एक रीडिंग आलं. दुसरं त्याला जुळलं.

"निदान शेवटचा प्रवेश पाठ आहे का हिचा?" दिग्दर्शकाने काळजीने विचारलं.

उत्तर लंबूने दिलं. फ्लास्क विसळत त्याने अख्खा प्रवेश म्हणून दाखवला, इन्स्पेक्टर आणि चोर दोघांचाही, मधल्या खोकल्यासकट.

दिग्दर्शक आत येऊन उभा राहिला. "तू कुठे होतास इतके दिवस? नाटकात येशील?"

लंबूचा चेहरा उजळला. "येईन."

कॅप्टनने त्याला खालून वरपर्यंत मापलं. "या उंचीला स्मॅश काय बसेल. आमच्याकडे येशील?"

लंबूने हुरळून तोंड उघडलं. ते तोंड धाकटीला फार ओळखीचं वाटलं. तिने तोटी बंद केली. फ्लास्कमध्ये फिकट गुलाबी रंग होता, आणि तिसरं रीडिंगही जुळलं होतं. ती वळली.

"तो एकाच ठिकाणी येईल, नाटकात," ती ताईच्या आवाजात म्हणाली. "माझ्या जागी. मी नाटक सोडतेय."