अण्णा अंगठा घेत नाहीत

या, अशा जवळ सरका. आणि तो फोन आधी पालथा ठेवा बघू! रोज सकाळी मला गुलाबाचं चित्र पाठवलं, की झाली का विचारपूस? आमच्या समोरच्या नागनाथअण्णांना पाठवून बघा. उलट पत्र येईल: "सप्रेम नमस्कार. फूल मिळाले. कारण कळावे."

थट्टा नाही. जुळे सोलापुरात आमची दारं समोरासमोर. अण्णा मूळचे केम गावचे. हयातभर कॉम्प्युटर दुरुस्त केले आणि लोकांनी टाकून दिलेले घरी आणले. सोफा गॅलरीत, हॉलमध्ये कॉम्प्युटर. थंडीत चादरी कॉम्प्युटरच्या अंगावर, अण्णा स्वतः पंचा पांघरून. त्यांची बायको सुमन होती तोवर निदान एक खुर्ची रिकामी असायची.

जुन्या कॉम्प्युटरवाल्यांची एक मेलिंग लिस्ट आहे. म्हणजे एकानं ई-मेल लिहायचा, तो सगळ्यांना जायचा, आणि ज्याला ठाऊक असेल त्यानं सावकाश उत्तर द्यायचं. पुढं मंडळी एकेक करून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर गेली. अण्णांनाही ओढून नेलं. तिथं एकानं विचारलं, "फ्लॉपी वाचत नाही, काय करू?" अण्णा दुपारभर बसले. 'प्रिय बंधू'पासून 'आपला नम्र'पर्यंत सगळं लिहिलं. तोवर ग्रुपवर दोन वाढदिवस आणि एक बारसं उरकलं होतं. विचारणाऱ्यानं नुसता अंगठा पाठवला.

अण्णा तणतणत माझ्या दारात. "अक्का, अंगठा? शाळा शिकलोय की मी! आन् त्यो तर इंजिनेर हाय!"

"अहो, छान म्हणतोय तो."

"मग 'छान' लिवायला हात मोडत्यात व्हय?"

ग्रुप सोडला. सोडतानाही रीतसर राजीनामा लिहिला. त्यालाही अंगठेच आले.

एकदा शेंगाचटणी द्यायला गेले, तर अण्णा लई खुशीत. "या या अक्का, लिस्टवर पत्र आलंय!"

चष्मा लावून वाकले. वर नाव अण्णांचंच.

"अण्णा, हे तुम्हीच लिहिलंय की."

"व्हय. लिस्टवर टाकलं की समद्यांना जातं, मलाबी येतं." पडद्यावरची धूळ बोटानं पुसत म्हणाले, "माज्यापत्तोर आलं म्हंजे लिस्ट चालू हाय. कुणाला कवा इचारावं वाटलं, तर दार उघडं पायजे की."

मी घरी आले, धडपडत ई-मेल शिकले आणि लिस्टवर माझं नाव घातलं. पहिला प्रश्न टाकला: कीबोर्डमधली धूळ कशी काढावी? 'प्रिय भगिनी'पासून लांबलचक उत्तर आलं. अण्णा दारात भेटले तेव्हा त्याबद्दल अक्षर नाही. लिस्टवरचं लिस्टवर! पण पुढच्या खेपेला गेले, तर हॉलमधली एक खुर्ची रिकामी केलेली दिसली.

आता मला बाईला त्यातलं कळतं किती? माझे प्रश्न संपत आलेत हो. तेव्हा आमच्या घरी या एकदा, लवकर या. भाकरी मी करते. येताना काही आणू नका. अण्णांना विचारायला एखादा प्रश्न तेवढा आणा.