तेलाने केलेली चहाडी

विस्कॉन्सिनमधल्या आमच्या गावात माझ्याइतकी जपून गाडी चालवणारी बाई दुसरी दाखवाच! शाळा आठवीत सुटली माझी, पण गाडीला आजवर ओरखडा नाही. तरी मला चौऱ्याहत्तरावं लागलं आणि मुलगा, व्हर्लिन, किल्लीवर टपून बसला.

“आई, तुझी गाडी टर्बोची. चर्च दीड मैल, दुकान दीड मैल. इंजिन धड तापायच्या आत तू बंद करतेस. इंजिनच्या तेलात पेट्रोल उतरतं, मग टर्बो खलास! विकून टाकू. मार्लिस नेत जाईल तुला.”

मार्लिस म्हणजे सून. तिच्या गाडीत बसणं म्हणजे लोणी घुसळायच्या पिंपात बसणं!

“तेल तपासायला पाठव,” मी ठणकावलं. “दोष निघाला तर किल्ली तुझी!”

त्याने नळीने बाटलीभर तेल ओढलं. कागद मीच भरला. तेल बदलून किती दिवस? सहा महिने. किती मैल? चार हजार आठशे. अक्षर कसं, टपोरं!

पंधरा दिवसांनी प्रयोगशाळेचं पत्र आलं. रविवारच्या जेवणात, सगळ्यांदेखत, मी ते व्हर्लिनला मोठ्याने वाचायला लावलं.

“झीज नगण्य. टर्बो ठणठणीत. तेलात पेट्रोलचा थेंब नाही.”

“ऐकलंस?”

“थांब, पुढे आहे. ‘ही गाडी नेमाने लांब पल्ल्याला पळते, हे उघड दिसतं. असंच चालू द्या.’” त्याने कागद खाली ठेवला. “आई, सहा महिन्यांत चार हजार आठशे मैल? चर्चला जाऊन?”

“जरा वळसा घालून जाते!”

“कुठून? कॅनडावरून?”

आता तुम्हाला म्हणून सांगते. दर शनिवारी मी नव्वद मैलांवरच्या ला क्रॉस गावाला जाते. तिथे ऑर्विल नावाच्या बेकरीवाल्याकडून रूबार्बच्या आंबटगोड देठांची पाई घेते, घरी आणून माझ्या ताटलीत सरकवते आणि कडेला काट्याने चार खुणा करते, की झाली माझ्या हातची! जत्रेतली पहिल्या नंबरची निळी फीत या पाईने मला अकरा वर्षं दिली. अकराही वर्षं दुसरा नंबर मार्लिसचा!

“खरं सांग, नाहीतर किल्ली ठेव इथे,” व्हर्लिन म्हणाला.

मार्लिसची नजर हळूहळू टेबलावरच्या पाईकडे वळू लागली.

“एका गृहस्थांना भेटायला जाते!” मी ओरडले.

मार्लिसने मला मिठी मारली. “आई, अहो, आधी नाही का सांगायचं! नाव काय त्यांचं?”

ला क्रॉसमधलं एकच नाव मला ठाऊक. “ऑर्विल.”

“पुढच्या रविवारी जेवायला आणा!”

किल्ली माझ्याकडेच राहिली. शनिवारी ऑर्विलच्या हातापाया पडले: एक दिवस माझा गृहस्थ हो, कारण विचारू नकोस. भला माणूस, विधुर, लगेच तयार झाला.

“पण पहिल्यांदाच येतोय, रिकाम्या हाताने कसा येऊ?” तो म्हणाला. “माझी रूबार्बची पाई आणतो. तुझ्या घरच्यांनी अशी पाई जन्मात चाखली नसेल!”