आठ दिवस कोणीही फिरकू नये

अमेरिकेतल्या मंडळीला जे जमतं ते रत्नागिरीच्या मंडळीला का जमू नये, असा सवाल गंगारामभाऊंनी चर्चमध्ये रविवारच्या उपासनेनंतर उभं राहून केला, आणि कोणी उत्तर द्यायच्या आत स्वतःच सांगून टाकलं की जमेल, आणि त्यांच्यापेक्षा झकास जमेल! बायकांच्या बाजूला बसलेल्या आनंदीबाईंनी मान खाली घातली. नवरा असा छाती काढून बोलू लागला की पुढचे पंधरा दिवस घरात शांतता नसते, हे त्यांना पंचवीस वर्षांच्या संसारात पाठ झालं होतं.

गंगारामभाऊ चर्चचे चिटणीस. त्याआधी तीस वर्षं पोस्टात हेडक्लार्क. पोस्ट सुटलं तरी नियम सुटले नव्हते. घरात पाण्याचा तांब्या कुठल्या कोनाड्यात ठेवायचा याचासुद्धा त्यांचा नियम होता, आणि त्याची नक्कल त्या कोनाड्यावर चिकटवलेली होती.

गोष्ट अशी होती. मंडळीने सात वर्षांपूर्वी आपला एक माणूस, रघू मास्तर, खानदेशात भिल्लांच्या वस्तीत मिशनरी म्हणून धाडला होता. रत्नागिरीच्या मंडळीने स्वतःच्या हिमतीवर पाठवलेला हा पहिलाच मिशनरी, म्हणून सगळ्यांना त्याचा भारी अभिमान. आता रघू मास्तरांना वर्षाची रजा मिळाली होती आणि बायकोमुलींना घेऊन ते गावी येणार होते. गावात त्यांचं स्वतःचं घर राहिलं नव्हतं. तेव्हा चर्चच्या मागचं चिऱ्याचं कौलारू घर त्यांच्यासाठी ठेवायचं, असं ठरलं.

हे घर कसं ठेवायचं याचं ज्ञान गंगारामभाऊंना थेट मडमबाईंकडून मिळालं होतं. मिशन बंगल्यातल्या मडमबाई त्याच सुमारास रजेवर मायदेशी, अमेरिकेला निघाल्या होत्या, आणि तिथल्या चर्चने त्यांच्यासाठी घर कसं तयार ठेवलंय ते पत्र त्यांनी भाऊंना वाचून दाखवलं होतं. भाऊंनी पोस्टाच्या जुन्या फॉर्मच्या पाठीवर अकरा कलमं उतरवून घेतली. चुलीजवळ लाकूडफाटा भरलेला असावा, कोठीत महिन्याचं सामान असावं, अंथरूण-पांघरूण असावं, अशी दहा कलमं. अकरावं कलम त्यांना सगळ्यांत सुंदर वाटलं. मिशनरी दमून आलेला असतो, सबब पहिले आठ दिवस त्याच्या घरी कोणीही फिरकू नये.

पहिली दहा कलमं मंडळीने उत्साहाने पार पाडली. कोणी तांदूळ दिले, कोणी कुळथाचं पीठ, कोणी सोडे. एका घरून तर पाळणा आला. मास्तरांची धाकटी मुलगी नऊ वर्षांची आहे हे देणाराला माहीत होतं, पण घरात पाळणा रिकामा होता आणि मन मोठं होतं.

अकरावं कलम मात्र कोणाला पचेना. आपल्याकडे आगबोटीतून उतरलेल्या माणसाला पहिल्या संध्याकाळी भेटायला गेलं नाही, तर ते भांडण समजलं जातं. आणि ही मंडळी तर अशी, की धर्म बदलला तेव्हा आजा-पणज्याला गावाने वाळीत कसं टाकलं, विहिरीवर कसं येऊ दिलं नाही, याच्या गोष्टी घरोघर सांगितल्या जात. दार न वाजणं म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

"माणूस सात वर्षांनी घरी येतो आणि त्याचं तोंड बघायचं नाही, ही कुठली रीत शोधून काढलीत?" आनंदीबाईंनी घरी येताच विचारलं.

"विश्रांतीची रीत," भाऊ म्हणाले.

"मग निदान त्यांना सांगा तरी."

भाऊंनी ह्याचाही विचार केलेला होता. सांगितलं तर मास्तर भिडेखातर 'छे छे, या की' म्हणणार, आणि एकदा एक माणूस आत शिरला की संपली विश्रांती. तेव्हा सांगायचंच नाही. आनंदीबाईंच्या त्या दिवशीच्या आमटीत मीठ नव्हतं.

सोमवारी बोट आली. बंदरावर मंडळीच्या वतीने भाऊ एकटेच उभे होते. पडावातून उतरलेल्या रघू मास्तरांनी भाऊंना मिठी मारली आणि त्यांच्या खांद्यावरून मागे पाहिलं. मागे दोन कुत्री आणि एक बैलगाडी होती. बाकीची मंडळी कुठायत, असं त्यांनी विचारलं. सगळे मजेत आहेत, असं भाऊंनी सांगितलं आणि सामान चढवायला लावलं. घरापाशी पोचताच त्यांनी मास्तरांच्या बायकोच्या, यमुनाबाईंच्या हातात किल्ली दिली, आणि मास्तर 'बसा, चहा घ्या' म्हणेपर्यंत ते बेडं, म्हणजे कुंपणाचं फाटक, ओलांडून बाहेर पडले होते.

लोकांवर विश्वास ठेवून घरी बसणारा माणूस हा नव्हे. रस्त्याच्या पलीकडे काजूच्या झाडाखाली एक जांभ्याचा चिरा पडला होता, त्यावर भाऊंनी ठाण मांडलं. सकाळी उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत! दहा वाजता झाडाची सावली सरकून जाई, पण सावलीबरोबर सरकलं तर घरामागचा दगडी गडगा दिसत नसे. म्हणून भाऊ मे महिन्याच्या उन्हात तसेच बसून राहत.

आणि त्यांना जे दिसे त्याने त्यांचं मन भरून येई. पहिल्या संध्याकाळी यमुनाबाईंनी पडवीत चटया अंथरल्या, तीस कप मांडले, आणि दोन तास बसून ते पुन्हा आत नेले. किती निवांतपणे भांडी लावतायत, असं भाऊंना वाटलं. दुसऱ्या दिवशी रघू मास्तर चार वेळा बेड्यापर्यंत आले, भाऊंनी दुरूनच 'आत जा' अशी खूण केली की रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघून परत गेले. फेरफटका तब्येतीला चांगलाच. तिसऱ्या दिवशी यमुनाबाई पायरीवर बसून पदराने डोळे पुसत होत्या. झोपेने डोळे चुरचुरत असणार, असा भाऊंनी निष्कर्ष काढला. विश्रांती लागू पडत होती.

मंडळीला मात्र राहवत नव्हतं. येशूबाप्पाच्या माणसाला निदान फणस तरी देऊ द्या, म्हणून लोक चिऱ्यापाशी येऊन भाऊंच्या विनवण्या करू लागले. भाऊंनी फॉर्म काढून अकरावं कलम पुन्हा वाचलं. त्यात माणसाने फिरकू नये असं होतं, फणसाबद्दल काही नव्हतं. तेव्हा वस्तू चालेल, माणूस चालणार नाही, असा निकाल त्यांनी दिला. मग लोक मागच्या बाजूने वाकून येत, गडग्यावर फणस किंवा झाकलेलं पातेलं ठेवत, आणि आतून चाहूल लागली की पळत सुटत. एकदा मास्तर 'अहो, थांबा' म्हणत मागोमाग धावले. पातेलंवाला कुंपण ओलांडून पसार झाला. भाऊंनी मनातल्या मनात त्याला शाबासकी दिली.

बुधवारी जनी आली. जनी मासे विकणारी. सकाळी बंदरावरून टोपली उचलायची आणि दुपारपर्यंत अर्धी रत्नागिरी पालथी घालायची. टोपलीतले मासे घरोघर संपत जात, पण बातम्या वाढत जात. ती सरळ बेड्याकडे निघालेली बघून भाऊ आडवे आले.

"आत जायचं नाही."

"का? काय झालाय त्यांना?"

इथे भाऊंनी खरं सांगितलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण तीस वर्षं खिडकीच्या आत बसलेल्या माणसाला बाहेरच्याला खुलासा करायची सवय नसते. "तुला नाही कळायचं," ते म्हणाले. "आठ दिवस कोणी जवळ जायचं नाही. हुकूम आहे."

जनीने टोपली सावरली, त्या बंद घराकडे पाहिलं, गडग्यावर ठेवलेल्या पातेल्याकडे पाहिलं, आणि दोन पावलं मागे सरली.

"कधी आली अंगावर?" तिने हळूच विचारलं.

"सोमवारी आली," भाऊ म्हणाले. त्यांना वाटलं, मास्तरांची मंडळी कधी आली असं ती विचारतेय.

दुपारपर्यंत रघू मास्तरांच्या घरी देवी आल्याची बातमी बाजारपेठेत पोचली. संध्याकाळपर्यंत त्या बातमीत दोघे दगावले होते. गुरुवारी सकाळी रस्त्यावरची माणसं घरासमोर आली की नाकाला धोतर लावून पलीकडच्या कडेने पळू लागली. कोणीतरी बेड्याला निंबाचा डहाळा बांधून गेलं. गडग्यावरचे फणससुद्धा बंद झाले, कारण मंडळीच्याही कानावर ते आलं होतं आणि भाऊंच्या बंदोबस्ताचा खरा अर्थ त्यांना आता कळला होता. आपले लोक अखेर शिस्त शिकले, याचं भाऊंना फार समाधान वाटलं. त्यांच्या स्वतःच्या अंगाला मात्र दोन दिवस खाज सुटली होती आणि डोकं भणभणत होतं. पण कर्तव्य म्हटलं की हे आलंच.

शुक्रवारी सकाळी घराचं दार उघडलं. रघू मास्तर एक ट्रंक घेऊन बाहेर आले. मग दुसरी. मागून यमुनाबाई आणि दोन्ही मुली, हातात बोचकी. मास्तर रस्ता ओलांडून सरळ काजूच्या झाडाखाली आले. चार दिवसांत त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"गंगारामभाऊ, दुपारची बोट आहे. आम्ही खानदेशात परत जातो," ते म्हणाले. "पण माझा अपराध काय ते एकदा सांगा. नाताळात भिल्लांना ढोल वाजवू दिला, म्हणून का?"

भाऊंना काही उमजेना. कुठला ढोल?

"मुली विचारतात, आपल्या गावाने आपल्याला वाळीत का टाकलं. मी काय सांगू त्यांना?"

वाळीत! भाऊ चिऱ्यावरून ताडकन उठले. चार दिवसांत पाहिलेलं सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून पुन्हा गेलं. ते तीस कप, त्या फेऱ्या, तो पदर. सात वर्षं रानात राबून हा माणूस आपल्या लोकांत आला होता, आणि आपण त्याला कागद बघून रडवलं. भाऊंनी खिशातून फॉर्म काढला आणि मास्तरांपुढे धरला.

मास्तरांनी अकराही कलमं वाचली. पुन्हा वाचली. मग ते मटकन त्या चिऱ्यावर बसले आणि पोट धरून हसू लागले. यमुनाबाईंनी कागद घेतला, त्या आधी रडल्या आणि मग हसल्या.

इथे सगळं गोड व्हायचं, तर रस्त्याच्या टोकाला सॅनिटरी इन्स्पेक्टर उगवले. बरोबर दोन गडी, फिनेलचे डबे, चुन्याचं घमेलं. या घरी देवीचे रोगी असल्याची वर्दी आहे, त्यांना हलवायचं आहे, म्हणाले. मास्तर म्हणाले, आम्ही ठणठणीत आहोत. त्यांनी ट्रंक उघडून चौघांचे देवी टोचल्याचे दाखले काढून दिले. इन्स्पेक्टरांनी दाखले वाचले, चौघांच्या जिभा बघितल्या, कपाळाला हात लावले. कुठे काही नव्हतं.

"मग पहारा कोण देत होतं?" त्यांनी विचारलं.

भाऊ ऐटीत पुढे झाले. इन्स्पेक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि दोन पावलं मागे घेतली. चार दिवसांच्या उन्हाने भाऊंचा चेहरा लाल झाला होता, गळ्यापासून छातीपर्यंत पुरळ उठलं होतं, आणि अंग तव्यासारखं तापलं होतं. हे घामोळं आहे, असं भाऊ परोपरीने सांगू लागले. घामोळं असेल तर दहा दिवसांत जाईल, इन्स्पेक्टर म्हणाले, आणि नसेल तर गाव वाचेल. टोचल्याचा दाखला आहे का? भाऊ तीस वर्षं दुसऱ्यांकडे दाखले मागत आले होते. त्यांचा स्वतःचा सापडला नाही.

आता रोग्याला ठेवायचं कुठे? गावाबाहेर नेण्यापेक्षा हे घर बरं, असं इन्स्पेक्टरांनी ठरवलं. लाकूडफाटा आहे, महिन्याचं सामान आहे, अंथरूण-पांघरूण आहे. इतकं तयार घर त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. भाऊंना आत घातलं, दारावर चुन्याची फुली मारली, आणि भोवताली फिनेल शिंपडून ते निघून गेले. तोवर बातमी ऐकून धावत आलेल्या आनंदीबाईंनी नवऱ्याला दुरूनच नीट न्याहाळलं. घामोळं आणि देवी यातला फरक कळण्याइतकी पोरं त्यांनी वाढवली होती. मग त्यांनी यमुनाबाईंच्या हातातलं बोचकं घेतलं आणि त्या चौघांना आपल्या घराकडे घेऊन गेल्या.

शनिवार गेला, रविवार गेला. घरात सगळं होतं. भाऊंनी कोठीतल्या बरण्या ओळीने लावल्या, मग उलट्या ओळीने लावल्या. पडवीत चटई टाकून बसले. रस्त्याने जाणाऱ्या एकेकाला त्यांनी नावाने हाक मारून पाहिली. लोक धावत सुटले. सोमवारी तर बेड्याशी उभ्या राहिलेल्या एका गाईशी ते अर्धा तास बोलले.

त्या दुपारी आनंदीबाई जेवण घेऊन आल्या आणि पातेलं गडग्यावर ठेवून दूर उभ्या राहिल्या.

"बोट?" भाऊंनी आतून विचारलं. त्यांना दुसरं काही सुचतच नव्हतं.

"बोट गेली. ते नाही गेले. वर्षभर राहतो म्हणाले."

भाऊंचा जीव भांड्यात पडला. "इथे ना?"

"इथे कशाला? आपल्याकडे. काल साठ माणसं येऊन गेली. बाराला जेवायला बसले ते पाचला उठले. मुली अंगणात नाचल्या. मास्तरांचा घसा बसलाय बोलून बोलून. म्हणतात, सात वर्षांचा शीण उतरला."

भाऊंनी अगदी बारीक आवाजात विचारलं, "माझी चौकशी करतं का गं कोणी?"

"करतात की, सगळे करतात. घामोळंच आहे हे मी सांगितल्यावर आज इकडे यायला निघालेसुद्धा होते," आनंदीबाई पदर खोचत म्हणाल्या. "मीच नको म्हटलं. म्हटलं, दमलेत ते, आठ दिवस विश्रांती घेऊ द्या."