आस्लाक पक्का बसला

"बाबा, आज चर्चपर्यंत गाडी मी चालवू?"

विचारलं एकदाचं! विचारून दाखवच, अशी पैज ओडा आणि सिग्रूननं लावली होती. आणि त्या दोघी आज चर्चच्या फाटकाशी उभ्या राहून बघणार होत्या, की बाईसाहेब कुठल्या दारातून उतरतात. पुढच्या डाव्या, म्हणजे चालकाच्या दारातून उतरली, तर तुवा राणी. मागच्या दारातून उतरली, तर अख्खा उन्हाळा टोमणे ऐकायचे.

सोळा वर्षं पूर्ण होताच तुवानं शिकाऊ चालकांचा वर्ग केला होता. गाडीच्या मागे लाल 'एल'ची पाटीही लागली होती. पण बाबांनी आजवर तिला दुकानामागच्या रिकाम्या आवारात गोल गोल फिरवण्यापलीकडे मजल मारू दिली नव्हती.

बाबांनी, म्हणजे टोरगेरनी, टाय बांधता बांधता आरशातून तिच्याकडे पाहिलं. "गाडीत बाळ असणार आहे."

"म्हणून तर हळू चालवीन! आज बाप्तिस्म्यात त्याची धर्ममाता मीच आहे ना!"

"गाडी सुरू करण्याआधी काय बघायचं?"

"आरसे."

"त्याच्याही आधी. पोरं नीट बांधलीत का ते. आस्लाकला त्याच्या गाडीतल्या खुर्चीत तू बसव, पट्टे तू लाव. मी तपासणार. पास झालीस तर चावी तुझी. नाही तर गुपचूप मागे बसायचं."

हात्तिच्या, एवढंच? तुवा उड्या मारत खाली आली आणि दिवाणखान्याच्या दारातच थिजली.

आजीनं आस्लाकला झगा चढवून ठेवला होता. घराण्याचा बाप्तिस्म्याचा झगा! पांढराशुभ्र, लेसच लेस, आणि बाळाच्या दुप्पट लांब. आजीच्या हातांतून तो थेट जमिनीपर्यंत लोंबत होता, आणि वरच्या टोकाला आस्लाकचा गोल गरगरीत चेहरा ठेवून दिल्यासारखा दिसत होता.

"आजी! हा चर्चमध्ये घालायचा होता ना?"

"आणि फोटो? चर्चमध्ये कुठे उजेड असतो?"

"अगं, खुर्चीला पाच पट्टे आहेत. दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून आणि पाचवा दोन पायांच्या मधून. याचे पाय कुठायत?"

"आहेत की आत."

"काढ तो. तिथे गेल्यावर परत घालू."

आजी खिडकीबाहेर बघायला लागली. "निघायचा नाही तो."

"म्हणजे?"

"पाठीवरची बटणं लागेनात. भाऊ केवढा झालाय तुझा, बघितलंस? मग मी शिवून टाकलं."

"काय शिवलंस?"

"झगाच गं. हा आत होता, एवढंच."

तेवढ्यात आई आली. तिनं बाळंतपणाआधीचा बुनाड, म्हणजे सणासुदीचा पारंपरिक पोशाख, घातला होता. लोकरी घागरा, चांदीची बटणं आणि जीव जाईल इतकी घट्ट चोळी. "मला कुणी वाकायला सांगू नका," ती अर्ध्या श्वासात म्हणाली. "एक बटण उडालं तर कुणाचा तरी डोळा जाईल."

"एवढं कशाला? मांडीवर घेते मी," आजी म्हणाली. "टोरगेरला दवाखान्यातून मांडीवरच आणला होता. वर माशांची पेटीपण होती. काय झालं त्याला?"

"ते मी तुम्हाला सावकाशीनं सांगीन, बोर्गहिल्ड," आई आजीला म्हणाली.

"मांडीवर एक मीटरसुद्धा नाही," जिन्यावरून टोरगेरचा आवाज आला. "तुवा, बसव त्याला. उशीर होतोय."

खुर्ची गाडीत मागच्या सीटवर बसवलेली होतीच, तोंड मागे करून. तुवानं आस्लाकला त्यात ठेवलं, झगा पायांशी नीट लपेटला, वरून पट्टे आवळले आणि छाती काढून उभी राहिली.

टोरगेरनं पट्ट्याखाली हात घातला. सगळा हात आत गेला. "हा तू झगा बांधलास. बाळ आत मोकळंच आहे. उद्या ब्रेक मारलास तर झगा खुर्चीत राहील आणि आस्लाक बाहेर. नापास."

दुसऱ्या खेपेला तिनं सगळा झगा गोळा करून वर घेतला. पाय सापडले! पट्टाही मधून गेला. पण आता आस्लाकच दिसेना. लेसच्या ढिगाऱ्यातून फक्त एक शिंक ऐकू आली.

"तुझा भाऊ कुठाय?" टोरगेरनं विचारलं.

"सुरकुत्या!" आजी किंचाळली. "माझ्या सासूच्या सासूनं शिवलाय तो!"

"नापास."

तुवाच्या कपाळावर घाम आला. खिशातला फोन सारखा थरथरत होता. 'निघाल्या का ड्रायव्हरबाई?' ओडा विचारत होती. सिग्रूननं तर मागच्या दाराचं चित्रच काढून पाठवलं होतं. आई अंगणात येरझाऱ्या घालत होती, कारण तिला बसता येत नव्हतं. अकराला घंटा होणार, आणि इथून चर्च म्हणजे खाडीच्या काठाकाठानं वळणंच वळणं.

आस्लाकनं जांभई दिली. आता रडला तर संपलंच! तुवानं दात ओठ खाऊन तिसऱ्यांदा सुरुवात केली. मागचा घेर पाठीखालून बाजूला. पुढचा घेर खांद्यांच्या दोन पट्ट्यांमधून वर. पायांमधला पट्टा झग्याखालून. पाचही टोकं बकलात, आणि अंगठ्यानं जीव खाऊन दाब. खट्! मग झगा वरून टेबलक्लॉथसारखा पसरून दिला.

टोरगेरनं तपासलं. खांद्यापाशी जेमतेम एक बोट गेलं. पट्टा ओढला, हलला नाही. खुर्ची गदागदा हलवली, ढिम्म. त्यानं झगा उचलून बकल ओढून पाहिलं आणि पहिल्यांदाच हसला. "पक्कं. एकदम पक्कं." आणि चावी तिच्या तळहातावर ठेवली.

तुवानं गाडी इतक्या जपून चालवली, की एक मेंढी रस्ता ओलांडून परतही आली.

"जरा वेगात गेलीस तरी देव रागावणार नाही," मागून आजी म्हणाली.

"कठडा! कठडा आला!" आई ओरडली.

"आई, तो आपल्या बाजूलाच असतो!"

पाण्यापलीकडून घंटा ऐकू यायला लागली. मागे गाड्यांची शेपटी लागली होती, आणि सगळ्यात जवळची एक निळी गाडी दिवे मिचकावत होती.

"कोणाला एवढी घाई झालीय?" तुवा वैतागली.

टोरगेरनं आपल्या आरशात पाहिलं आणि खाली सरकला. "पाद्रीबाई आहेत."

"मग उशीर कसला? त्या तर आपल्या मागेच आहेत!"

चर्चच्या फाटकाशी ओडा आणि सिग्रून तोंड उघडं टाकून उभ्या होत्या. तुवानं गाडी लावली, डावं दार उघडलं, उतरली आणि केस मागे उडवले. मागून उतरलेल्या निम्म्या गावासमोर!

मग तिनं मागचं दार उघडलं आणि बकलाचं लाल बटण दाबलं.

काही झालं नाही.

दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. टोरगेरनं दाबलं. झगा वर केला, तेव्हा दिसलं. बकलानं वीतभर लेस गिळली होती आणि आता ते तोंड उघडायला तयार नव्हतं. पाद्रीबाई झपाझप बाजूनं गेल्या. "आत्ता सुरू करते हं!"

टोरगेरनं पट्टे सैल केले. आस्लाकचे हात सुटले, खांदे सुटले. पण बाळ झग्यात शिवलेलं आणि झगा बकलात अडकलेला. वर उचलला, की खुर्चीही त्याच्याबरोबर उठू बघायची.

"कात्री आणतो," टोरगेर म्हणाला.

आजी हात पसरून दारात आडवी झाली. "आधी मला काप."

"मग पाठीवरचे टाके उसव ना, आई!" टोरगेर तिला म्हणाला.

"आणि झगा इथे ठेवून बनियनवर बाप्तिस्मा करायचा? सगळ्या गावासमोर?"

"कुणीतरी काहीतरी करा," आई म्हणाली. "माझं एक बटण गेलंय."

ओडा आणि सिग्रून आता अगदी जवळ येऊन बघत होत्या. आत ऑर्गन सुरू झाला. आस्लाक गाढ झोपला होता. बाबा आजीकडे बघत होते, आजी आईकडे, आई आकाशाकडे. तुवानं एकदा सगळ्यांकडे पाहिलं. हे मोठे लोक! मग ती आत वाकली, खुर्चीखालची कळ दाबली, अख्खी खुर्ची बैठकीतून सुटी केली आणि तिची उचलायची कडी कोपरात अडकवून सरळ उभी राहिली. झगा पुढे झुळझुळत होता, एक सुरकुती नाही.

"तुवा, काय करतेयस?" टोरगेरनं विचारलं.

"आई, बाबा, ठरलं माझं," तुवा म्हणाली. "धर्ममाता मी आहे, त्याला आत मीच नेणार. पाणी डोक्यावर घालतात, आणि डोकं बाहेर आहे. आम्ही दोघं खुर्चीसकट जातोय."