मैदानाकडे पाठ

आमच्या गिरणीच्या कबड्डी संघाचे उस्ताद मल्लप्पाअण्णा सामना सुरू झाला की मैदानाकडे पाठ करून बसत. रेषेपासून चार हातांवर स्टूल, समोर गिरणीची चुना मारलेली भिंत. मागे चौदा माणसं एकमेकांचे पाय ओढतायत आणि हे भिंतीकडे तोंड करून बसलेत. वर हातात दाढीचा गोल आरसा. तो डोळ्यांसमोर धरून सामनाभर मिशीवरून कंगवा फिरवायचे. एवढी विंचरून मिशी शिल्लक कशी राहते, हेच आम्हाला नवल वाटे.

कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं होतं. “मी तिकडं तोंड केलं की समदी माज्याकडं बघत्यात. कप्तान तितं मैदानात हाय. हितं काय हाय? एक म्हातारा आन् एक भिंत.”

“मग सामना कसा कळतो, अण्णा?”

“मला कानानं दिसतंय की!”

हे धादांत खोटं होतं. अण्णा विणकाम खात्यात जॉबर, म्हणजे बिघडलेले माग आणि बिघडलेले विणकर दोन्ही ताळ्यावर आणणारा माणूस. मागांच्या खडखडाटात पंचवीस वर्षं काढून त्यांचे कान पार गेले होते. पण त्या खात्यात सगळेच ओठ वाचून आणि हातवारे करून बोलत, त्यामुळे अण्णांना बहिरेपण कबूल करायची वेळच येत नसे.

“शिकवाय येतंय की!” हे त्यांचं पालुपद. जगातली कुठलीही गोष्ट शिकवता येते, यावर त्यांची श्रद्धा होती. बायकोला त्यांनी सही शिकवली, मेव्हण्याला सायकल. घरमालकाच्या शेळीला जिना चढायला शिकवलं. उतरायला शिकवायचं राहून गेलं, म्हणून ती दोन दिवस गच्चीवर मालकाच्या वाळत घातलेल्या शेंगा खात बसली होती.

बहात्तरचा दुष्काळ सरून एक-दोन वर्षं झाली असतील. संघाचा जुना कप्तान पुण्याला बदलून गेला, आणि अण्णांनी त्याच्या जागी मला निवडलं. मी टाइम ऑफिसात कारकून. संघात होतो तो केवळ पकड बरी म्हणून. कुणी काही म्हटलं की ‘हो’ म्हणायचं, एवढाच माझा स्वभाव. सगळा संघ हसला. सर्वांत मोठ्याने मीच हसलो.

“अण्णा, माझ्यात ते नाही हो.”

“ठावं हाय की. तुज्यात कप्तानकीचा ठिपका बी न्हाय. म्हनून तर तू पायजेस.”

मग त्यांनी मला भिंतीपाशी नेलं आणि आवाज खाली आणला. बहिऱ्या माणसाचा खाली आणलेला आवाज, त्यामुळे तो अर्ध्या मैदानाने ऐकला. “मी बी एकदा कप्तान हुतो, वसंता. येकच मॅच. ऐन वक्ताला काय सुचंना, म्हनून रेषंवर हुबारलेल्या उस्तादाकडं बघितलं. दुसऱ्या दिशी कप्तानकी गेली. म्हनला, ह्याच्या रक्तातच न्हाय. आता रक्तात न्हाय, का कुनी शिकवलंच न्हाय, येवढं मला मरायच्या आधी कळाय पायजे.”

यावर नाही कसं म्हणायचं? आणि माझा पहिला धडा नेमका तोच निघाला. रोज दहा माणसांना ‘नाही’ म्हणायचं. आईने दुसरी भाकरी वाढली तेव्हा मी नाही म्हणालो, तर तिने कपाळाला हात लावून ताप बघितला. हॉटेलात गार चहा परत पाठवला आणि घाबरून हॉटेलाबाहेर जाऊन उभा राहिलो. दहाचा आकडा भरत नव्हता, तेवढ्यात हेडक्लार्कनी विचारलं, “पंखा लावू का?” मी म्हणालो, “नाही.” सोलापूरचा मे महिना. दोघेही संध्याकाळपर्यंत घाम पुसत बसलो.

दुसरा धडा, ओरडायचं नाही. मला विणकाम खात्यात उभं करून नुसत्या डोळ्यांनी आणि बोटांनी माणसं हलवायला लावली. “वरडनारा कप्तान म्हंजे भोंगा,” अण्णा म्हणाले. “भोंगा झाला की मानसं येत्यात, जात्यात. पर भोंग्यासाठी कोन खेळत न्हाय.”

असे चार महिने गेले आणि गिरण्यांच्या स्पर्धेत आम्ही अंतिम सामन्याला पोचलो. शेवटची चढाई आमची, आम्ही एका गुणाने मागे. आमचा वाघ अंबादास, त्याचा गुडघा मघाच्या पकडीत पिरगळून नारळाएवढा सुजला होता. तरी तो पुढे झाला. “मीच जातो. दुसरं कोण आणणार गुण?” सगळे ओरडले, “अंबादासला धाड!” प्रेक्षकही तेच ओरडत होते. आणि मी नको तेच केलं. अण्णांकडे बघितलं.

पाठमोरे अण्णा. हातात आरसा. आणि त्या आरशात, मिशीच्या जागी, अण्णांचे दोन डोळे माझ्याकडे टक लावून बघत होते.

इतकी वर्षं मिशी विंचरणं निव्वळ सोंग होतं. आरशातून बघायचा एकही सामना त्यांनी चुकवला नव्हता. आमची नजरानजर झाली. आता ओठ हलतील, मला नाव वाचता येईल, असं वाटलं. अण्णांनी आरसा हळूच खाली घेतला, सदऱ्याच्या खिशात टाकला, टोपी सरळ केली आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून भिंतीकडे बघत राहिले.

मी अंबादासच्या खांद्यावर हात ठेवला. “न्हाय,” मी म्हणालो. गुरुनाथला बोटाने खूण केली. संघातला सर्वांत हलका गडी, पण पाय शाबूत. गुरुनाथ गेला, एकाला शिवला, आणि परतताना मधल्या रेषेपासून वीतभर अंतरावर धरला गेला. आम्ही हरलो.

मैदानात समोरच्या गिरणीचे लोक नाचत होते. अण्णा तसेच बसलेले. त्यांना काहीच ऐकू गेलं नव्हतं, भिंतीवर काही दिसत नव्हतं, तरी त्यांनी वळून बघितलं नव्हतं. मी जाऊन त्यांच्यासमोर उकिडवा बसलो. त्या गलक्यात नुसते ओठ हलवले, “हरलो, अण्णा.”

“ते ऱ्हाऊ दे. कुनाला धाडलंस?”

“गुरुनाथला.”

“आन् अंबादास?”

“त्याला नाही म्हटलं.”

“कुनाला इचारून?”

“कुणालाच नाही.”

अण्णा बराच वेळ माझ्या ओठांकडे बघत राहिले, जणू वाचण्यात चूक झाली असावी. मग त्यांनी खिशातून आरसा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, डोळेही त्याच टोकाने पुसले. आरशात या वेळी मैदान नव्हतं, मी नव्हतो. अण्णा स्वतःच्याच तोंडाकडे बघत होते.

“शिकवाय येतंय की,” ते आरशातल्या त्या तोंडाला म्हणाले.